आन्या कुणाला म्हणायचं

आमच्या घरात कोण कुणाला काय म्हणतं हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगायला बसलं, की सांगणाराच आधी गोंधळतो. नांदेडला आमच्या वस्तीत दादांना सगळी गल्ली दादा म्हणायची, म्हणून मीही दादा म्हणायचे. आई त्यांना ‘ओ, ऐकलं का’ म्हणायची. दादा आईला हाक मारायचे ती माझ्या नावानं. ‘सुजे’ अशी हाक आली की आम्ही दोघी ओ द्यायचो आणि मग दादा वैतागून म्हणायचे, “मोठ्या सुजीनं यावं, धाकटीचं काम न्हाई.” एवढं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, आई-वडील-मुलगी, सरळ तर आहे. सरळ नव्हतं. दादा माझ्या जन्मदात्या वडिलांचे थोरले भाऊ. माझा जन्म चाकूरचा. जन्मानंतर काकू, म्हणजे मला जन्म देणारी, फार आजारी पडली, दूध आटलं, म्हणून आई मला महिनाभरासाठी नांदेडला घेऊन आली. तो महिना संपलाच नाही. कुणी बैठक घेतली नाही, कुणी कुणाला मूल मागितलं नाही, कुणी दिलंही नाही. पुढे चाकूरला राहुल झाला, मी नांदेडला शाळेत जायला लागले, आणि जिच्या पोटी जन्मले तिला काकू आणि तिच्या नवऱ्याला काका म्हणत मोठी झाले. हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं. कधी कळलं ते मात्र सांगता येत नाही, कारण मला ते कुणी सांगितलेलं आठवत नाही.

दहावीच्या परीक्षेनंतरच्या उन्हाळ्यात आमच्या घरी यूली आली. हंगेरीतून काही मुलंमुली आमच्या लोकांचं जगणं बघायला आली होती आणि विहाराच्या मंडळींनी ती एकेका घरी वाटून दिली होती. आईनं दोन दिवस घर सारवल्यासारखं घासून काढलं. नवी चादर आणली, पाहुणी मेम खुर्चीवर बसणार म्हणून खुर्चीचा डुगडुगणारा पाय दादांकडून ठोकून घेतला. आणि रिक्षातून उतरली ती माझ्याहून जरा सावळी, जाड वेणी घातलेली, कानात रिंगा घातलेली पोरगी. दोन्ही हात जोडून ती “जय भीम” म्हणाली. आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. “अगं, ही तर आपल्यातलीच हाय की,” ती मला हळूच म्हणाली आणि आत जाऊन पोह्यांचा बेत बदलून धपाटे थापायला बसली. यूली त्या ठोकून घेतलेल्या खुर्चीवर कधी बसलीच नाही. तिच्या गावात तिच्या लोकांची वस्ती कुठे असते, हे तिनं पहिल्याच संध्याकाळी अंगणातल्या मातीत बोटानं दाखवलं. एक मोठा गोल काढला, मग त्याच्या बाहेर एक रेघ ओढली आणि रेघेच्या पलीकडे छोटी छोटी टिंबं दिली.  दादांना पुढचं काही समजावून सांगावं लागलं नाही.

तिचं इंग्रजी मोडकं आणि माझं तिच्याहून मोडकं. तेव्हा बोलायला सोपी गोष्ट म्हणजे समोर दिसणारी माणसं. ती आईकडे बोट करायची आणि म्हणायची, “आन्या.” दादांकडे बोट करून, “आपा.” इथे पहिला घोटाळा झाला. आमच्या शेजारी रेहाना आपा राहायच्या, शिलाईचं काम करायच्या, आणि सगळ्या वस्तीच्या त्या आपा होत्या, म्हणजे थोरल्या बहीण. यूली दादांना ‘आपा’ म्हणू लागली की भिंतीपलीकडून मशीन थांबायचं आणि रेहाना आपा ओरडायच्या, “कौन बुला रहा है गे?” त्यांना समजावून सांगितलं, तिकडे बापाला आपा म्हणतात. त्या हसून लोटपोट झाल्या. म्हणाल्या, “इत्ते दिन से मैं तुम सबकी बाप थी, और किसी ने बताया नै.” त्या दिवसापासून त्या दादांना बघितलं की पदर तोंडाला लावून हसायच्या आणि दादा गल्लीतून खाली मान घालून जायचे.

पुढे तर कहरच झाला. आजीला त्यांच्यात ‘नाज्मामा’ म्हणतात. “आजीला मामा?” आई म्हणाली, “आन मामाला काय, आजी म्हणत्यात का?” मामाला म्हणतात नाज्बाची. काकालाही नाज्बाची. आत्याच्या नवऱ्याला नाज्बाची, मावशीच्या नवऱ्यालाही तेच. दादांना हे अजिबात पटेना. ते जेवता जेवता हात थांबवून म्हणाले, “मग लग्नात मामा म्हणून उभं कोण राहतं?” मी हे यूलीला विचारलं. तिला मुळात मामानं उभं का राहायचं हेच कळेना. पण भावंडांच्या बाबतीत तीच माणसं इतकी काटेकोर, की थोरल्या भावाला वेगळा शब्द, धाकट्याला वेगळा. थोरली बहीण निराळी, धाकटी निराळी. नात आणि नातू मात्र दोघांना एकच शब्द. मी पाठ करायचे, दुसऱ्या दिवशी निम्मे विसरायचे, उरलेले एकमेकांत मिसळायचे. एकदा मी रेहाना आपांच्या बोकडाला ‘धाकटा भाऊ’ म्हणाले आणि यूली पोट धरून खाली बसली. आजही माझी मुलगी शाळेतलं काही पाठ करत घरभर फिरते तेव्हा मला तो उन्हाळा, कूलरचा ओला वास आणि माझ्या तोंडात अडकणारे ते शब्द आठवतात.

आईला मात्र एक शब्द पहिल्या दिवसापासून पक्का बसला. यूली तिला ‘आन्या’ म्हणून हाक मारायची आणि आई भाकरी थापता थापता “आले गं” म्हणून ओ द्यायची. तिला ते आवडलं होतं. कुणी विचारलं तर सांगायची, “त्यांच्यात आईला आन्या म्हणत्यात. लई गोड पोरगी हाय.” एवढंच नाही, तर मी कधी रागात असले आणि ‘आई’ अशी हाक मारली नाही, तर ती चिडवायची, “तू न्हाई म्हणलीस तर न्हाई, मला आन्या म्हणणारी हाय घरात.”

एका दुपारी आम्ही दोघी कूलरसमोर फरशीवर पडून चिंचा चोखत होतो. यूलीनं सांगितलं की आपलं नातं सांगायचं असलं की शब्दाला शेवटी ‘म’ लावायचा. आन्याम, माझी आई. आपाम, माझे वडील. मग ती सहज, चिंचोका बाजूला ठेवत म्हणाली, “केत आन्याम वॉन.” मला दोन आया आहेत. तिला लहानपणी सरकारी माणसांनी घरातून नेलं होतं, तिच्या वस्तीतल्या पुष्कळ मुलांना नेत असत म्हणे, आणि मग एका बाईनं तिला सांभाळलं. पहिली आई तिला मोठेपणी भेटली. हे तिनं रडून नाही सांगितलं. दोन बोटं वर करून सांगितलं. मी त्या दोन बोटांकडे बघत राहिले. मग माझ्या तोंडून निघालं, “नेकेम इश.” मलाही. हे दोन शब्द तिनंच मला शिकवले होते, तिला पाणी हवं असलं आणि मलाही हवं असलं की म्हणायला. त्या वेळेपर्यंत मी ही गोष्ट कुणाशीही बोलले नव्हते. मराठीत मला ती सांगता आली नसती, कारण मराठीत एक आई होती आणि एक काकू होती, आणि दोघींना त्यांचे त्यांचे शब्द होते.  यूलीनं नुसती मान हलवली आणि मला आणखी एक चिंच दिली. मला हलकं वाटलं, आणि लगेच भीतीही वाटली, की आता हे एका माणसाला माहीत आहे.

भीतीला कारण होतं. दहावीचे मार्क चांगले येणार असं सर म्हणत होते, आणि मार्क चांगले म्हणजे अकरावीला लातूर, हे आमच्याकडे सूर्य उगवण्याइतकं ठरलेलं. लातूरला राहायचं कुठे? काकांचं म्हणणं होतं, चाकूरला राहील, ते स्वतः चाकूर-लातूर जीप चालवतात, रोज नेतील आणि आणतील. दादांनाही ते पटत होतं. आई नको म्हणत होती. हॉस्टेलला ठेवू म्हणायची, नांदेडलाच कॉलेजं नाहीत का म्हणायची. कारण विचारलं तर रोज नवीन कारण. जीप वेडीवाकडी चालवतात, चाकूरला पाणी नाही, राहुल अभ्यास करू देणार नाही. खरं कारण मी एकदा स्वयंपाकघराच्या दाराशी ऐकलं. ती दादांना म्हणत होती, “एकदा तिकडं गेली की गेली. रक्त हाय ते. मी कोण मग?”  मला आत जाऊन तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण पडून म्हणायचं काय हे कळेना, म्हणून मी परत फिरले.

आमच्या घरात असे प्रश्न बसून सोडवत नसत. कुरडयांचं निमित्त निघालं. दर उन्हाळ्यात आई चाकूरला जाऊन जावेबरोबर वर्षाच्या कुरडया घालायची. या वेळी आम्ही यूलीलाही घेऊन गेलो. लोहा, अहमदपूर, प्रत्येक फाट्याला एसटी थांबत होती आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी यूलीला विचारत होतं, “कोण्या गावची गं?” तिला एवढं वाक्य समजायला लागलं होतं. ती ऐटीत सांगायची, “हंगेरी.” विचारणारा विचारात पडायचा आणि म्हणायचा, “कोण्या तालुक्यात आलं ते?” चाकूरच्या स्टँडवर काकू उभी होती. तिनं आधी आईच्या हातातली पिशवी घेतली, मग यूलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि शेवटी माझ्याकडे बघितलं. नेहमी असंच. मला ती नेहमी शेवटी भेटायची. लहानपणी मला त्याचं वाईट वाटायचं. आता कळतं, ती घाई दिसू नये म्हणून तसं करत असणार, पण खात्रीनं मी हेही सांगू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच चीक शिजवायला मोठं पातेलं चुलीवर चढलं. गव्हाचा चीक सारखा हलवावा लागतो, नाहीतर गुठळ्या होतात. काकू दोन्ही हातांनी लाकडी दांडा फिरवत होती आणि मी जळण सारत होते. आई आणि यूली अंगणात खाटांवर धोतरं पसरत होत्या. काकू मध्येच म्हणाली, “सुजे, त्या पोरीच्या बोलीत काकूला काय म्हणत्यात?”

“नाज्नेनी.”

“पुन्यांदा म्हण.”

मी पुन्हा म्हटलं. तिनं दांडा फिरवता फिरवता तो शब्द घोळवला. नाज्-ने-नी. नाजनेनी. मला हसू आलं. म्हटलं, मावशीला पण हाच शब्द, आत्याला पण, मामीला पण. काकू म्हणाली, “आसू दे. मला काकूचाच पाह्यजे.” तिला तो कशाला हवा होता हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, पाहुणीशी बोलायची हौस असेल.

उन्हं वर आली तशा शेजारच्या बायका आल्या. त्यांत कौसाबाई होत्या, ज्यांना दुसऱ्याच्या घरातलं सगळं माहीत असायचं आणि जे माहीत नसायचं ते त्या विचारून घ्यायच्या. आई सोऱ्या दाबत होती, काकू चिकाचे गोळे भरून देत होती, कापडावर पांढऱ्या गोल कुरडया एकीशेजारी एक पडत होत्या. मुलं वाट्यांतून साखर घातलेला गरम चीक चाटत होती. यूलीनं काहीतरी विचारायला आईला “आन्या” म्हणून हाक मारली आणि आई “काय गं” म्हणाली. झालं, बायकांना खेळ मिळाला. आन्या म्हणजे काय, आई होय, आणि बाप काय, आणि भाऊ काय. मुलं ‘आन्या आन्या’ ओरडत अंगणात पळायला लागली. कौसाबाई म्हणाल्या, “सुजे, आमची वळख करून दे की तिच्या भाषंत.” मी उठले. खरं सांगते, मला तेव्हा फार ऐट आली होती. राहुलला पुढे ओढलं, पण तिथेच अडखळले. यूलीच्या भाषेत धाकट्या सख्ख्या भावाला एक शब्द आणि चुलत भावंडाला दुसरा. मराठीनं मला आजवर सोडून दिलं होतं, नुसतं ‘भाऊ’ म्हणून भागत होतं. मी काहीतरी पुटपुटले. जीप पुसत असलेले काका नाज्बाची झाले, कौसाबाई नुसत्या नेनी, म्हणजे बाई, झाल्या, सगळ्या हसल्या. आणि कौसाबाईंनी सोऱ्यापाशी बसलेल्या दोघींकडे बोट केलं. त्यांच्या आवाजात वाईट काही नव्हतं, नुसती चव होती. “आन यातली तुझी आन्या कोण गं? ही का ती?”

 आईचा हात सोऱ्याच्या दांड्यावर होता तिथेच राहिला, आणि अर्धी कुरडई कापडावर लोंबत राहिली. ती माझ्याकडे बघत नव्हती. यूली बघत होती, कारण तिला माहीत होतं. मी ‘दोघी’ म्हणू शकले असते, यूलीच्या शब्दांसकट मला ते येत होतं. आईचं नाव घेऊ शकले असते, ते तर रोजचंच होतं. काहीही म्हटलं तरी कुणाचं तरी काहीतरी जाणार होतं, आणि माझं तोंड उघडेना.

“मी नाज्नेनी,” काकू म्हणाली. मोठ्यानं, स्पष्ट, कुठेही न अडखळता. चिकानं माखलेला हात तिनं स्वतःच्या छातीशी नेला. “नाज्नेनी म्हंजी काकू. इचारा तिला.” आणि तिनं यूलीकडे बघितलं. यूलीनं एकदा माझ्याकडे बघितलं, मग काकूकडे, आणि हळूच म्हणाली, “नाज्नेनी.” काकू म्हणाली, “बघा. अक्का, चीक गार होतोय, दाबा लवकर.” आईनं दांडा दाबला.

मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच क्षणी भयंकर राग आला. राग काकूचा होता, की तिनं इतक्या सहज स्वतःला बाजूला केलं? की माझा, की मला तो शब्द तिला पहाटेच शिकवताना काही कळलं नाही? मी मागच्या दारी जाऊन रडले. यूली मागे आली आणि माझ्या शेजारी उकिडवी बसली.  तिला तरी काय समजणार, मला वाटलं, आणि लगेच वाटलं की बहुधा तिलाच समजत असेल.

निघायच्या दिवशी आई पिशवीत कुरडया भरता भरता, कुणाकडेही न बघता म्हणाली, “कॉलेज लागलं की सुजी हितंच राहील. हॉस्टेलचं काय खरं न्हाई.” काकू म्हणाली, “तुमी म्हणाल तसं, अक्का.” एवढंच. काकूच्या त्या एका शब्दानं आईची भीती गेली, की काकूनं काय सोडलं हे बघून तिला राहवलं नाही, मी पुष्कळ वर्षं विचार केला. कधी हे वाटतं, कधी ते. आईला विचारायचं धाडस झालं नाही. यूली महिन्याभरात परत गेली. नांदेडच्या स्टेशनवर तिनं आईला मिठी मारली तेव्हा आई इतकी रडली की शेजारच्या डब्यातली माणसं खाली उतरून बघायला लागली.

आणि मी चाकूरला राहायला गेले. सकाळी काकांच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर तीन माणसांत चेपून लातूर, संध्याकाळी परत. पहिले काही दिवस मी पाहुण्यासारखी वागत होते आणि काकू मला पाहुण्यासारखी वाढत होती. एके दिवशी भाकरी थापता थापता तिनं विचारलं, “त्या पोरीच्या बोलीत आईला काय म्हणत्यात?” तिला माहीत होतं. सगळ्या अंगणाला माहीत झालं होतं. मी म्हटलं, “आन्या.” ती म्हणाली, “सोपं हाय,” आणि भाकरी तव्यावर टाकली. त्यानंतर पंधरवडा गेला असेल. जीप रस्त्यात बंद पडली, मला फार भूक लागली होती, आणि दारातून आत येताना माझ्या तोंडातून हाक गेली, “आन्या, भूक लागली.” तिनं वळून बघितलं नाही. म्हणाली, “हात धू, वाढते.” बस्स, मग तेच सुरू झालं. राहुलला वाटायचं मी त्याच्या आईला चिडवते. कौसाबाईंना तो शब्द आठवत होता की नाही कोण जाणे. त्या काही बोलल्या नाहीत, आणि त्या बोलल्या नाहीत असं फार कमी वेळा व्हायचं.

आई आली की मात्र मी काकूच म्हणायचे. आम्ही दोघींनी तसं ठरवलं नव्हतं. आई स्टँडवर उतरली की माझी जीभ आपोआप बदलायची आणि काकूही लगेच जरा लांब, जरा काकूसारखी वागायला लागायची. एवढ्या सवयीचं झालं होतं, की चुकेन असं मला कधी वाटलंच नाही. बारावीच्या वर्षी हिवाळ्यात आई न कळवता आली. मला माहीत नव्हतं. मी जीपमधून उतरले, पुस्तकं छातीशी धरून गेट ढकललं आणि नेहमीसारखी ओरडले, “आन्या! प्रॅक्टिकलला सगळ्यांत जास्त मार्क!”

अंगणात उन्हाला पोतं टाकून दोघी लसूण सोलत बसल्या होत्या. दोघींनी एकदमच माना वर केल्या.  काकू उठली नाही, ओ दिली नाही, नुसती सूप दोन्ही हातांनी धरून बसली. मी गेटमध्येच उभी. त्या शब्दाचा अर्थ आईइतका कुणाला माहीत होता? तो आधी तिचा होता. आईनं माझ्याकडे बघितलं. मग हातातली पाकळी सोलून सुपात टाकली, काकूच्या हातातलं सूप आपल्याकडे ओढून घेतलं, आणि तिला कोपरानं ढोसत म्हणाली, “जा की गं. पोरगी बोलवायली तुला.”